बार्बुडा: जमीन सगळ्यांची, निर्णय कुणाचा?

बार्बुडा बेटावर गाव एकच आहे, कॉड्रिंग्टन. वस्ती दीड-दोन हजारांची. इथल्या बातम्याही गावाच्याच मापाच्या. मे आणि जून हे दोन महिने शेवंडीची मासेमारी बंद असते, ती जुलैत सुरू झाली की कोळ्यांच्या हातात पुन्हा पैसा खेळू लागतो. कॅरिबाना नावाचा गावचा उत्सव आला की परदेशी गेलेली माणसं घरी येतात. खाजणातल्या तिवरांवर फ्रिगेट पक्ष्यांची घरटी भरतात. अँटिग्वाची बोट आली, अँटिग्वाची बोट आज येणार नाही, हीसुद्धा बातमीच. पण गेली काही वर्षं यातला प्रत्येक विषय वळून एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो: या बेटाची जमीन कुणाची, आणि तिचं काय करायचं हे कुणी ठरवायचं?

अँटिग्वा आणि बार्बुडा हा दोन बेटांचा मिळून एक देश. यातलं अँटिग्वा आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. व्हिव्हियन रिचर्ड्स आणि अँडी रॉबर्ट्स तिथले. २०१९ मध्ये मुंबईच्या अजिंक्य रहाणेने कसोटी शतक काढलं ते तिथल्याच सर व्हिव्हियन रिचर्ड्स मैदानावर. पंजाब नॅशनल बँक गैरव्यवहारातला आरोपी, मुंबईचा हिरेव्यापारी मेहुल चोक्सी याने नागरिकत्व घेतलं तेही याच देशाचं. बार्बुडाचं नाव मात्र जोडनावातला दुसरा शब्द म्हणूनच कानावर येतं. अँटिग्वाच्या उत्तरेला सुमारे ४५ किलोमीटरवर असलेलं हे बेट १६१ चौरस किलोमीटरचं आहे. पूर्ण सपाट, सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून ५० मीटरच्या आत. पश्चिमेला मैलोन् मैल गुलाबी छटेची वाळू, तिच्यामागे मोठं खाजण, आणि खाजणाच्या काठावर गाव.

ऊस न पिकलेलं बेट

बार्बुडाची जमीन चुनखडीची, मातीचा थर पातळ, पाऊस बेभरवशाचा. कॅरिबियनचा नकाशा ज्या पिकाने बदलला, तो ऊस इथे रुजला नाही. १६८५ मध्ये कॉड्रिंग्टन कुटुंबाने हे बेट इंग्लंडच्या राजाकडून भाडेपट्ट्याने घेतलं आणि जवळजवळ दोन शतकं, १८७० पर्यंत, ते त्यांच्याकडे राहिलं. अँटिग्वातल्या त्यांच्या उसाच्या मळ्यांना लागणारी गुरं, धान्य, लाकूड बार्बुडातून जायचं. त्यासाठी आफ्रिकेतून आणलेली गुलाम माणसं इथे ठेवली होती. ती मासे मारत, शिकार करत, गुरं राखत, होड्या बांधत. गुलामी ती गुलामीच. पण रानात आणि समुद्रावर कामाला जाणाऱ्या माणसांवर चाबूक घेऊन सतत उभं राहणं मालकाच्या माणसांना जमणारं नव्हतं. इथल्या कुटुंबांना अँटिग्वाच्या मळ्यांवर हलवायचे बेत झाले तेव्हा त्यांनी चिवट विरोध केला.

१८३४ मध्ये गुलामगिरी संपली. मोकळी झालेली माणसं बेट सोडून गेली नाहीत. आजोबा-पणजोबा जी जमीन कसत होते ती त्यांनी कसत ठेवली, आणि कुणी एकाने तिच्यावर नाव लावलं नाही. सरकारी कागदांत जमीन राजाची होती. व्यवहारात ती गावाची होती.

विकत न मिळणारी जमीन

आपल्याकडच्या वाचकाला चटकन गायरान आठवेल. फरक एवढाच की इथे अख्खं बेट तशा पद्धतीने चालत आलं. घर बांधायचं असेल तर बार्बुडाच्या माणसाने गावच्या कौन्सिलकडे जागा मागायची. ती मिळायची, तिचे पैसे पडत नसत. रानात तुकडा साफ करून भुईमूग, रताळी, मका लावायचा आणि काही वर्षांनी जमिनीला विश्रांती देऊन दुसरीकडे सरकायचं. गुरं मोकळी फिरतात, कुंपण घालायचं ते पिकाला. जागा वापरायची, मुलांच्या हाती द्यायची. विकायची मात्र नाही.

या व्यवस्थेची किंमतही लोक मोजत होते. नावावर जमीन नाही, म्हणून ती गहाण ठेवून बँकेचं कर्ज नाही. घर हाती पैसा येईल तसं, एकेक खोली करत उभं राहायचं. न्यू यॉर्कला किंवा इंग्लंडमधल्या लेस्टरला गेलेली मुलं पैसे पाठवायची, तेव्हा छपराचा पत्रा यायचा. पण या बेटावर भूमिहीन कुणी नव्हतं. घरभाड्यापायी कुणी देशोधडीला लागत नव्हतं. गुलामांच्या वंशजांना जगात फार थोड्या ठिकाणी एवढी निश्चिंती लाभली आहे.

१९८१ मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा बार्बुडाच्या लोकांना अँटिग्वाच्या हाताखाली जायचं नव्हतं. वेगळं होण्याची त्यांची मागणी मान्य झाली नाही. संसदेच्या कनिष्ठ सभागृहात १७ मतदारसंघ आहेत, त्यांतला एक बार्बुडाचा. त्यामुळे जमिनीच्या परंपरेला कायद्याचा आधार मिळावा हा आग्रह पुढेही टिकला, आणि २००७ मध्ये बार्बुडा जमीन कायदा झाला. बेटावरची जमीन बार्बुडाच्या लोकांच्या सामाईक मालकीची, ती विकता येणार नाही, आणि मोठा प्रकल्प आणायचा असेल तर लोकांच्या बहुमताची संमती लागेल, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. जी गोष्ट गाव पावणेदोनशे वर्षं पाळत होतं ती अखेर कागदावर आली.

या कायद्याला पहिला धक्का २०१७ च्या इर्मा चक्रीवादळाच्या आधीच बसला. प्रिन्सेस डायना जिथे सुट्टीला यायच्या, त्या बंद पडलेल्या के क्लब हॉटेलच्या जागी हॉलिवूड अभिनेते रॉबर्ट डी नीरो आणि ऑस्ट्रेलियाचे उद्योगपती जेम्स पॅकर यांना नवं पंचतारांकित हॉटेल उभारायचं होतं. २०१५ मध्ये संसदेने त्या एका प्रकल्पासाठी वेगळा कायदा करून २००७ च्या अटींतून त्याला सूट दिली.

वादळ आणि रिकामं गाव

६ सप्टेंबर २०१७ च्या पहाटे इर्मा चक्रीवादळाचा डोळा बार्बुडावरून गेला. पाचव्या श्रेणीचं वादळ, वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २९५ किलोमीटर. उजाडलं तेव्हा बहुतेक सगळी घरं मोडलेली किंवा छप्पर उडालेली होती. दोन वर्षांचं एक बाळ दगावलं. खाजण आणि समुद्र यांच्यामधली वाळूची पट्टी फुटून समुद्र आत आला. मागोमाग होजे नावाचं दुसरं वादळ येत होतं, म्हणून सरकारने सगळ्यांना अँटिग्वाला हलवायचा हुकूम काढला. तीनशे वर्षांत पहिल्यांदाच बेटावर माणूस उरला नाही, असं देशाच्या अमेरिकेतल्या राजदूतांनी तेव्हा सांगितलं.

तो हुकूम बरोबरच होता. छप्पर नसलेल्या माणसांना दुसऱ्या वादळाच्या तोंडी ठेवता येत नाही. विस्थापितांमधल्या काहींना आसरा मिळाला तो रिचर्ड्स यांच्या नावाच्या त्याच मैदानाच्या इमारतींमध्ये. होजे उत्तरेकडून निघून गेलं. पण वीज, पाणी, दवाखाना, शाळा यांची घडी बसायला कित्येक महिने गेले, आणि बहुतेक कुटुंबं तोवर अँटिग्वातच अडकून राहिली.

गाव असं विखुरलेलं असतानाच बेटावर नव्या विमानतळासाठी रान साफ करणारी यंत्रं फिरू लागली. मोडलेली घरं तशीच होती, आणि मोठी जेट विमानं उतरतील अशा धावपट्टीचं काम मात्र सुरू झालं होतं. वादळानंतरच्या काही महिन्यांतच संसदेने २००७ चा जमीन कायदाही बदलला. सामाईक मालकीची तरतूद गेली आणि त्या जागी नाममात्र एका डॉलरला आपापल्या तुकड्याची खासगी मालकी देऊ केली गेली. लोकांची संमती घ्यायची, तर ते लोक दुसऱ्या बेटावर निवाऱ्यात राहत होते.

सरकारची बाजू

पंतप्रधान गॅस्टन ब्राऊन यांचं म्हणणं समजून घ्यायला हवं, कारण त्यात तथ्यही आहे. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या मदतीने झालेल्या पाहणीत बार्बुडाच्या पुनर्बांधणीचा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर निघाला. एवढा पैसा या छोट्या देशाच्या तिजोरीत नव्हता. जमीन स्वतःच्या नावावर असेल तर माणूस कर्ज काढून पक्कं घर बांधेल, असा त्यांचा युक्तिवाद. सामाईक मालकीला कायद्याचा पाया कधी नव्हताच, जमीन कायम राजाचीच होती, हा दुसरा मुद्दा. आणि तिसरा रोजगाराचा: गावात सर्वांत जास्त नोकऱ्या देणारी संस्था कौन्सिलच असेल तर ते गाव सदैव सरकारी अनुदानावर जगणार.

पण एका डॉलरला मिळालेला तुकडा उद्या लाखो डॉलरना विकता येतो, आणि अडीअडचणीत तो विकलाही जातो. समुद्रकाठची जमीन ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे सरकते, हे कॅरिबियनमधल्या इतर बेटांवर होऊन गेलं आहे. बार्बुडाच्या लोकांना नेमकी याचीच धास्ती आहे. अमेरिकी उद्योजक जॉन पॉल डिजोरिया यांच्याशी संबंधित बार्बुडा ओशन क्लब या प्रकल्पात अतिश्रीमंतांसाठी बंगले आणि गोल्फचं मैदान आहे. त्याचा काही भाग पाल्मेटो पॉइंट या वाळूच्या टेकड्यांच्या टोकावर, खाजणाच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो. हे खाजण २००५ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत आहे. पश्चिम गोलार्धातल्या फ्रिगेट पक्ष्यांच्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक इथे आहे. वाळूच्या त्या टेकड्या वादळी लाटांची पहिली धडक अंगावर घेतात. त्या सपाट झाल्या तर पुढच्या वादळात पाणी थेट गावाकडे येण्याचा धोका वाढतो.

गावातली काही माणसं या प्रकल्पांवर कामाला जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही. घर उभं करायला पगार लागतो. मासेमारी करून, कौन्सिलच्या पगारावर आणि रानातल्या पिकावर चाललेलं घर वादळात गेलं की माणूस मिळेल ते काम धरतो. वाद त्या माणसाशी नाहीच. त्याच्यापुढे पर्याय कोणते ठेवायचे हे कुणी ठरवलं, हा वाद आहे.

लंडनमधले दोन निकाल

अँटिग्वा आणि बार्बुडाचं शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे जातं. आपल्याकडे लोकमान्य टिळकांच्या ताई महाराज प्रकरणाचा शेवट १९१५ मध्ये जिथे झाला, तेच हे न्यायपीठ. त्याऐवजी कॅरिबियन न्यायालय मानावं का, यावर या देशाने २०१८ मध्ये सार्वमत घेतलं. लोकांनी बदल नाकारला.

या न्यायपीठापुढे बार्बुडाचे लोक आधी हरले. २०२२ मध्ये जमीन कायद्यातला बदल वैध ठरला. सामाईक हक्क ही राज्यघटनेने संरक्षण दिलेली मालमत्ता ठरत नाही, असा निर्णय झाला. गावाला तो फार लागला. पिढ्यान् पिढ्या जी गोष्ट उघड सत्य मानली, ती कायद्याच्या लेखी उभी राहिली नाही.

दुसरा खटला विमानतळाचा. सागरी जीवशास्त्रज्ञ आणि शिक्षक जॉन मसिंग्टन आणि निवृत्त शिक्षिका जॅकलिन फ्रँक यांनी २०१८ मध्ये तो गुदरला. पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा कायद्याने सांगितलेला विचार न करता परवानगी दिली गेली, ही त्यांची तक्रार. देशातल्या अपील न्यायालयाने तक्रारीच्या मुळाशी जायच्या आधीच, या दोघांना खटला भरायचा अधिकारच नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ते फिरवलं. जिथे राहता तिथल्या पर्यावरणाबद्दल न्यायालयात बोलायला जमिनीची मालकी लागत नाही. तिथलं राहणं, तिथलं ज्ञान आणि खरी कळकळ पुरते, असा त्या निकालाचा अर्थ. कॅरिबियनमधल्या प्रत्येक किनारी गावाला तो उपयोगी पडेल.

पण निकाल आला तोवर धावपट्टी जवळजवळ तयार होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये विमानतळ सुरूही झाला.

वादळाआधी ठरवायच्या गोष्टी

मे २०२४ मध्ये जगभरच्या लहान बेट-राष्ट्रांची संयुक्त राष्ट्रांची परिषद अँटिग्वात भरली. हवामानबदल घडवला मोठ्या देशांनी आणि सोसायचं लहान बेटांनी, हे या देशाचं सरकार जगापुढे ठामपणे मांडतं, आणि ते शंभर टक्के खरं आहे. ज्यांच्यावर संकट येतं त्यांना विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नका, ही त्यामागची मागणी. बार्बुडाचे लोक आपल्याच सरकारकडे तीच मागणी करत आहेत.

चक्रीवादळं अधिक जोरदार होत जाणार, असं विज्ञान सांगतं. किनाऱ्यावरची आणखी गावं काही काळ रिकामी करावी लागणार. माणसं वाचवण्यासाठी ते करायलाच हवं. म्हणूनच काही गोष्टी वादळ येण्याआधी कायद्यात लिहून ठेवल्या पाहिजेत. गाव परत येईपर्यंत जमिनीचे कायदे बदलायचे नाहीत. नव्या मोठ्या बांधकामाला परवानगी द्यायची नाही. परत येण्याची तारीख आणि त्यासाठीचा पैसा स्थलांतराच्या हुकुमातच नमूद करायचा. यातल्या कशालाही मोठा खर्च येत नाही.

बार्बुडाचे लोक परतले आहेत. शेवंडीचा हंगाम सुरू होतो, कॅरिबाना भरतो, आणि फ्रिगेट पक्षीही वादळानंतर खाजणात पुन्हा आले. गावाने आपला हक्क सोडलेला नाही. कौन्सिलमध्ये, न्यायालयात आणि मतपेटीत तो मांडणं चालू आहे. आपण मदतनिधीला पैसे देतो, तेव्हा बांधलेल्या घरांचा आकडा विचारतो. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ या: घर गेलेल्या माणसाचा निर्णयातला वाटा शाबूत आहे ना? तो गेला असेल, तर कितीही घरं बांधली तरी पुनर्वसन अपुरंच राहील.