लोणार विवर-परिसरातील पायवाटा

महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील प्रसिद्ध आघाती विवराच्या कड्यावरून, त्याच्या आतील उतारांवरून व तळाशी असलेल्या खाऱ्या सरोवराच्या तीराने जाणाऱ्या वाटा. लोणार हे तालुक्याचे ठाणे मेहकरच्या दक्षिणेस सु. २५ किमी. अंतरावर असून गावाची वस्ती विवराच्या कड्यापर्यंत पोहोचली आहे. या वाटा कोणी आखून काढलेल्या नाहीत. तीर्थस्नानासाठी येणारे यात्रेकरू, सरोवरातील क्षार गोळा करणारे मजूर, गुराखी व लाकूडफाटा आणणारे ग्रामस्थ यांच्या शेकडो वर्षांच्या वर्दळीने त्या पडल्या. पुढे त्यांपैकी काहींवर पायऱ्या बांधण्यात आल्या. या वाटांची दिशा मुख्यतः गोड्या पाण्याच्या झऱ्यांनी ठरविली आहे. जेथे झरा तेथे कुंड, जेथे कुंड तेथे मंदिर आणि जेथे मंदिर तेथे वाट, असा येथील क्रम आहे. कड्यापासून तळापर्यंतच्या थोड्याशा उतरणीत कोरडा कातळ, गोडे पाणी, दाट झाडी आणि अतिक्षारीय सरोवर हे चारही प्रदेश ओलांडले जातात, हे या पदभ्रमणाचे वैशिष्ट्य होय.

भूरचना : विवर जवळजवळ वर्तुळाकार असून त्याचा सरासरी व्यास सु. १.८ किमी. आहे. त्याची कडा सभोवतालच्या सपाटीपेक्षा सु. २० ते ३० मी. उंच उचललेली असून सरोवराची पातळी कड्यापासून सु. १३५ मी. खाली आहे. सु. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खन ट्रॅप बेसाल्ट खडकावर अतिवेगाने आदळलेल्या अशनीमुळे हे विवर निर्माण झाले. ते ज्वालामुखीजन्य असावे, असे मत पूर्वी प्रचलित होते. तथापि येथील खडकांत आघाताच्या प्रचंड दाबाने बनलेले मास्केलिनाइट हे काचरूप द्रव्य सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आघाती उत्पत्तीचे मत दृढ झाले. विवराच्या वयाविषयी मात्र एकमत नाही. तप्तदीपन पद्धतीने ते सु. ५०,००० वर्षे, तर आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने २०११ मध्ये सु. ५,७०,००० वर्षे असे निघाले. बेसाल्ट खडकात घडलेली आघाती विवरे पृथ्वीवर फार थोडी असल्याने चंद्र व मंगळ यांवरील विवरांच्या अभ्यासात लोणारला महत्त्व आहे.

कड्यावरील वाट : कड्याचा घेर ६ किमी.पेक्षा किंचित कमी भरतो. थांबत थांबत चालणाऱ्यास ही फेरी दोन ते तीन तासांत पूर्ण करता येते. चढउतार मोजके असल्याने वयस्कर व्यक्तींनाही हिचा बराचसा भाग चालता येतो. मात्र काही ठिकाणी वाट अगदी कडेलगत जात असल्याने सावधगिरी आवश्यक ठरते. आतल्या बाजूस भिंतीत लाव्ह्याचे पाच-सहा थर एकावर एक रचलेले दिसतात. सामान्यतः आडवे असणारे हे थर कड्याजवळ बाहेरच्या बाजूस कललेले आढळतात. आघाताच्या वेळी जमीन खालून वर व बाहेर लोटली गेल्याची ती खूण होय. बाहेरच्या बाजूस जमीन हळूहळू उतरत जाते. हा उतार म्हणजे विवरातून उसळून बाहेर पडलेल्या खडकांच्या चुऱ्याचे आवरण असून ते कड्यापासून सु. १.३५ किमी.पर्यंत पसरलेले आहे. चालणाऱ्यास शेताच्या बांधावर दिसणारे कोनयुक्त धोंडे पुष्कळदा याच आवरणातील असतात.

कड्यावरून पाहता सरोवर, त्याभोवतीचा चिखलाचा पट्टा आणि झाडीची वलये एकाच दृष्टिक्षेपात येतात. विदर्भाच्या जुन्या वर्णनांत शिंदी, चिंच व बाभूळ यांची एकात एक अशी वलये नोंदविलेली आहेत. आज ती पूर्वीइतकी स्पष्ट उरलेली नाहीत. वेड्या बाभळीने तीरालगतचा बराच भाग व्यापल्याने ती काढून टाकण्याची मोहीम वन विभागास हाती घ्यावी लागली.

उतरणीच्या वाटा : यांपैकी सर्वांत जुनी व रुळलेली वाट ईशान्येकडील धारेची आहे. येथे कड्याला खाच पडली असून त्या खाचेत गोमुखातून बारमाही पाण्याची धार पडते. बेसाल्टच्या भेगाळ व झिजलेल्या थरांत पावसाचे पाणी मुरते आणि खालच्या घट्ट थरामुळे अडून उताराच्या पोटातून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. धारेचे पाणी भाविक गंगेसमान मानतात व तेथे स्नान करूनच देवदर्शनास जातात. कुंडाभोवती लहानमोठ्या मंदिरांचा समूह आहे. अशाच झऱ्याचे दुसरे स्थान सीतान्हाणी या नावाने ओळखले जाते.

धारेपासून खाली उतरणारी वाट प्रथम पायऱ्यांची व पुढे दगडमातीची आहे. तीवरून तळ गाठण्यास अर्धा ते पाऊण तास लागतो; परतीच्या चढास त्याहून अधिक वेळ धरावा. धारेच्या प्रवाहाने वाहून आणलेल्या गाळाचा पंख्याच्या आकाराचा संचय विवराच्या तळाशी ईशान्य बाजूस झालेला असून त्या सुपीक जमिनीत पूर्वी शेती केली जात असे. वाटेवरील रामगया मंदिर व त्यालगतचे गोडे पाणी हे विश्रांतीचे ठिकाण होय. उतरताना हवेतील बदल जाणवतो. कड्यावरचा वारा थांबतो, दमटपणा वाढतो आणि तळाजवळ क्षारयुक्त चिखलाचा उग्र दर्प येऊ लागतो.

तीरावरील वाट : सरोवराचा व्यास सु. १.२ किमी. असल्याने तीराची फेरी सु. ४ किमी. होते. ही वाट सलग मात्र नसते. पाण्याची पातळी, चिखल व झुडपे यांनुसार ती दरवर्षी थोडीफार सरकते. तीरावर व झाडीत अनेक प्राचीन मंदिरे विखुरलेली आहेत. वाघ महादेव, मोर महादेव, मुंगळ्याचा महादेव ही त्यांची लोकांनी ठेवलेली नावे भोवतालच्या प्राणिजीवनाची आठवण देतात. बहुतेक मंदिरे काळ्या पाषाणाची, यादवकालीन शैलीची व कमीअधिक भग्न आहेत. पाण्याच्या अगदी काठाशी असलेले कमळजा देवीचे मंदिर यांतील सर्वाधिक वर्दळीचे असून नवरात्रात तेथे यात्रा भरते. मंदिराजवळच्या ‘सासू-सुनेची विहीर’ या विहिरीत एका बाजूचे पाणी गोड व दुसऱ्या बाजूचे खारट लागते, असे सांगितले जाते. झऱ्यांचे गोडे पाणी व सरोवराचे खारे पाणी येथे जमिनीखाली एकमेकांना भेटतात, ही वस्तुस्थिती या नावात लोकांनी विनोदाने साठवून ठेवली आहे.

सरोवराचे पाणी तीव्र अल्कधर्मी असून त्याचे पीएच मूल्य सु. १० आहे. अशा पाण्यात नीलहरित शैवले विपुल वाढतात व पाण्याला हिरवा रंग देतात. हे पाणी पिण्यास अयोग्य आहे. स्नानाची परंपरा सरोवराशी नव्हे, तर झऱ्यांशी निगडित आहे. झाडीत मोर, वानर, घोरपड, मुंगूस व निरनिराळे साप आढळतात. हिवाळ्यात उथळ पाण्यात शेकाट्या, चक्रवाक इ. पक्षी दिसतात.

गावातील व कड्याबाहेरील वाटा : लोणार गावातील दैत्यसूदन मंदिर हे या परिसरातील शिल्पदृष्ट्या सर्वांत समृद्ध मंदिर होय. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन लवणासुराचा वध केला व त्याच्या पाताळातील निवासाच्या जागी हे तळे झाले, अशी कथा आहे. गावाच्या उत्तरेकडील वाट अंबर तळ्याकडे जाते. मुख्य विवरापासून सु. ७०० मी. अंतरावरील हे लहान खोलगट तळे अशनीच्याच एखाद्या तुकड्याने झाले असावे, असे काही अभ्यासक मानतात. त्यालगत मोठ्या मारुतीचे मंदिर असून तेथील मारुतीची मूर्ती निजलेल्या स्थितीत आहे.

इतिहास : आईन-इ-अकबरी  या ग्रंथात लोणारचा उल्लेख विष्णुगया या नावाने आला असून काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये येथे मिळतात, असे त्यात म्हटले आहे. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने विवराला भेट दिली. उन्हाळ्यात पाणी आटले की तीरावर सोडियम कार्बोनेटयुक्त क्षारांचे थर साचत. दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशा नावांनी त्यांची प्रतवारी केली जाई. साबण, बांगड्यांची काच इत्यादींसाठी हे क्षार विकले जात आणि डोक्यावर पाट्या घेऊन ते वर चढविले जात. हा व्यवसाय आता बंद पडला असला, तरी वाटा राहिल्या आहेत.

आरोग्यस्थानांतील पदभ्रमणाशी तुलना : यूरोपातील आल्प्स पर्वताच्या परिसरात खनिज जलाच्या झऱ्यांभोवती अनेक आरोग्यस्थाने वाढली. म्यूनिकचे वैद्य माक्स योझेफ एर्टेल यांनी १८८० नंतरच्या दशकात हृदयविकाराच्या रुग्णांसाठी ठराविक चढाच्या वाटांवर क्रमशः वाढत्या अंतराने चालण्याची उपचारपद्धती मांडली. तीनुसार वाटांची लांबी व चढ मोजून त्यांच्या श्रेणी ठरविण्यात आल्या. सांप्रत इटलीत असलेल्या मेरानो येथील टाप्पाइनर वाट ही त्याच काळातील असून ती एका वैद्याच्या नावाने ओळखली जाते. फिनलंडमधील बर्फावरील घसरपट्टीच्या खेळाडूंच्या उन्हाळी सरावातून पुढे नॉर्डिक चाल हा प्रकार निघाला आणि १९९७ नंतर त्याचा प्रसार झाला. यात दोन्ही हातांतील हलक्या काठ्या मागे रेटीत चालतात. त्यामुळे दंड, खांदे व पाठ यांच्या स्नायूंनाही व्यायाम घडतो.

लोणारची वाट व्यायामासाठी नव्हे, तर तीर्थासाठी निर्माण झाली. असे असले, तरी दोहोंत साम्य आहे : दोन्हीकडे माणूस पाण्यासाठी येतो व पाण्याच्या निमित्ताने चालतो. श्रेणीची कल्पना येथेही उपयुक्त ठरते. कड्यावरील वाट सोपी, धारेपर्यंतची उतरण मध्यम आणि तळापर्यंतची उतरण व परतीचा चढ श्रमाचा, अशी विभागणी करता येईल. घसरणीच्या उतारावर हातात काठी असल्यास तोल सावरतो व गुडघ्यांवरील ताण काही अंशी कमी होतो. येथील वृद्ध यात्रेकरू हे अनुभवाने जाणतात. हृदयविकार वा श्वसनविकार असलेल्यांनी तळापर्यंतच्या उतरणीपूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा, कारण येथे श्रम शेवटी, म्हणजे थकल्यानंतरच्या चढात पडतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ पदभ्रमणास उत्तम होय. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात व उन्हाळ्यात उष्णता फार असते. सकाळी लवकर निघावे व पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे.

संरक्षण : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९७९ मध्ये लोणारला राष्ट्रीय भूवारसा स्मारकाचा दर्जा दिला. २००० मध्ये येथे वन्यजीव अभयारण्य घोषित झाले आणि २०२० मध्ये रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्रांत सरोवराचा समावेश झाला. नासिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरनंतरचे महाराष्ट्रातील हे दुसरे रामसर क्षेत्र होय. येथील दगड उचलून नेणे वा शिलाखंड फोडणे हे केवळ नियमाविरुद्ध नाही. त्यामुळे आघाताचा मूळ पुरावाच नष्ट होतो.

सरोवराला बाहेर जाण्याची वाट नाही. पावसाचे, झऱ्यांचे व वस्तीचे जे पाणी आत येते ते केवळ बाष्पीभवनाने कमी होते. त्यामुळे गोड्या पाण्याचा ओघ घटला की क्षारता वाढते व तो वाढला की ती उतरते. जून २०२० मध्ये पातळी खालावून क्षारता वाढल्यावर सरोवराचा रंग गुलाबी झाला. मीठप्रिय आर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हे घडले, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला. याउलट पातळी वाढलेल्या वर्षांत तीरावरील वाट व मंदिरांचा परिसर पाण्याखाली जातो, पाणी सौम्य होते व त्यातील विशिष्ट जीवसृष्टीस धोका पोहोचतो. गावातील सांडपाणी आत उतरू न देणे हाही याच प्रश्नाचा भाग असून त्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही लक्ष पुरविले आहे.

संरक्षणाच्या दृष्टीने वाटा बंद करणे हा एक उपाय सुचतो. परंतु मंदिरांतील उपासना जिवंत आहे आणि सरोवरावर नजर ठेवणारे पहिले डोळे नेहमी येणाऱ्या ग्रामस्थांचेच असतात. म्हणून वाटा मोजक्या व निश्चित ठेवणे, उताराची धूप होईल अशा आडवाटा टाळणे, स्नानात साबणाचा वापर न करणे व कचरा परत वर नेणे यांवर भर देणे इष्ट ठरते. ज्या गोड्या पाण्यामुळे लोणारच्या पायवाटा निर्माण झाल्या, त्याच पाण्याच्या योग्य प्रमाणावर व शुद्धतेवर सरोवराचे भवितव्य अवलंबून आहे.