जुन्या गाडीला मिस्त्री हवा

इंग्लंडमध्ये आल्यावर डॉक्टर मिळतो, मुलांना शाळा मिळते, आता तर कोपऱ्यावरच्या दुकानात मेथीची जुडीही मिळते. मिळत नाही तो मिस्त्री! सांगलीला आमच्या बाबांची फियाट वीस वर्षं एकाच मिस्त्रीनं सांभाळली. त्याच्या गॅरेजला धड पाटी नव्हती, बिलबुक तर नव्हतंच. पण तो "दादा, अजून सहा महिने काढेल, उगाच खर्च करू नका" म्हणाला, की विषय संपला. असा माणूस परक्या देशात शोधायचा कसा, हे मला इथे डर्बीमध्ये एका जुन्या स्पोर्ट्‌स कारनं शिकवलं.

ही गाडी म्हणजे १९९६ ची माझदा एमएक्स-५. कापडी टप मागे टाकता येणारी आणि दिवे लावले की बेडकासारखे डोळे वर काढणारी. हे मॉडेल १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलं. पुढे दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये जगात सर्वाधिक खपलेली गाडी म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. बेडूकडोळ्यांची ही पहिली पिढी १९९७ मध्ये बंद झाली. म्हणजे त्यातली सगळ्यात धाकटी गाडीही आता पंचविशी ओलांडून गेली. मी ती घेतली तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "आपण चौघं आणि सीट दोन. गणित बघ जमतंय का." गणित जमलं नाही, पण गाडी राहिली.

अशा गाडीची अडचण वेगळी असते. आजच्या गाडीला संगणक जोडला की ती आपलं दुखणं स्वतःच सांगते. हिला कान लावून ऐकावं लागतं, हात काळे करावे लागतात. मोठ्या साखळी-गॅरेजमधली पोरं हुशार असतात, पण त्यातली बरीच या गाडीपेक्षा वयानं लहान! शंका आली की सगळा भागच बदलायचा, ही तिथली रीत. आणि मजुरी तासावर असते, हे विसरून चालत नाही.

एकदा सकाळी क्लच दाबला आणि पेडल सरळ खाली गेलं. गिअर पडेना. घराजवळच्या गॅरेजवाल्यानं बॉनेटही न उघडता निदान केलं, "क्लच गेला. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. साडेसहाशे पौंड." मी म्हटलं, विचार करून सांगतो. एमएक्स-५ च्या मालकांचा इथे एक मोठा क्लब आहे. त्यातल्या एका सभासदानं शहराबाहेरच्या एका छोट्या शेडचा पत्ता दिला. तिथला मिस्त्री साठीचा. इकडच्या पद्धतीप्रमाणे गिऱ्हाइकाला 'डक' म्हणणारा. तो गाडीखाली गेला आणि क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरची रबरी टोपी त्यानं बोटानं किंचित सरकवली. आतून तेल टपकलं. "क्लच ठणठणीत आहे. हा सिलिंडर गळतोय. या गाड्यांचं हे नेहमीचंच." नवा सिलिंडर, तेल आणि मजुरी धरून बिल झालं नव्वद पौंड. जुना सिलिंडर त्यानं कापडात गुंडाळून माझ्या हातात ठेवला.

मला तिथेच सांगलीचा मिस्त्री आठवला. पण एका सिलिंडरवर आयुष्यभराचा विश्वास टाकायचा नसतो. म्हणून पुढच्या खेपेला मी त्याला टायमिंग बेल्टबद्दल विचारलं. हा पट्टा साधारण साठ हजार मैलांनी बदलायचा असतो. पुष्कळ गाड्यांमध्ये तो तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचा निकाल लागतो. या पहिल्या पिढीच्या इंजिनात मात्र तसं होत नाही. पट्टा तुटला तर गाडी जागेवर थांबते, पण इंजिन वाचतं. आधीच्या एका गॅरेजनं मला "आज बदला, नाहीतर इंजिन भंगारात" असं घाबरवलं होतं. हा म्हणाला, "इंजिनाला काही होणार नाही, पण रात्री मोटरवेवर अडकाल. बदलाच. आणि तेवढं उघडतोच आहोत तर वॉटर पंपही बदलून घेऊ, मजुरी दोनदा लागणार नाही." काम दोघांनीही तेच सांगितलं, एकानं भीती विकली, दुसऱ्यानं कारण दिलं.

खरी परीक्षा गंजाची. या गाडीचा टप जिथे बसतो, तिथे मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पावसाचं पाणी वाहून जायला नळ्या असतात. त्यात पानं, माती अडकली की पाणी तुंबतं आणि दाराखालच्या लांब पोकळ पत्र्यात, म्हणजे सिलमध्ये उतरतं. मग सिल आतून कुजतो आणि बाहेरून रंग चकचकीत दिसत राहतो. छप्पर नसलेल्या गाडीत सिल म्हणजे पाठीचा कणा. सीटबेल्टचे बोल्टही त्याच्या जवळपासच असतात.

इंग्लंडमध्ये तीन वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी 'एमओटी' ही तपासणी करावी लागते. सीटबेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग किंवा ब्रेक जिथे बसवलेले असतात, त्याच्या तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास. तिथे पुट्टी किंवा फायबर भरून चालत नाही. नवा पत्रा सलग वेल्ड करावा लागतो. पण तपासणाऱ्याला गाडीचे भाग खोलून बघता येत नाहीत. त्यामुळे खालून काळ्या डांबरी लेपाचा नवाकोरा थर दिला असेल, तर आतलं सत्य सहज झाकून जातं.

तीन वर्षांपूर्वी माझी गाडी एमओटी पास झाली होती आणि आठवड्यातच या मिस्त्रीनं मला शेडमध्ये बोलावून घेतलं. मागच्या चाकापुढचा सिल त्यानं हातोडीच्या दांड्यानं हलकेच ठोकला. खणखणीत आवाजाऐवजी पुठ्ठ्यासारखा आवाज आला. "कागद म्हणतोय गाडी पास. मी म्हणतोय, तुमच्या मुलीला शेजारी बसवू नका." दोन्ही बाजूंचं पत्र्याचं काम अकराशे पौंडांचं होतं आणि गाडीची किंमत जेमतेम अडीच हजार. तो पुढे म्हणाला, "विकायची असेल तर आत्ता विकू शकता, कागद स्वच्छ आहे. पण घेणाऱ्याला हे सांगा."

हे सांगण्यात त्याचा फायदा काहीच नव्हता. मी गाडी विकली असती तर त्याचं कामही गेलं असतं. मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "दुरुस्त केल्यावर तो स्वतःच्या नातवाला त्यात बसवेल का?" दुसऱ्या दिवशी मी त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, "पत्रा कापल्यावर आत काय निघतं ते बघा, मग मी उत्तर देतो." पत्रा कापल्यावर त्यानं मला बोलावलं, कुजलेला भाग दाखवला, चांगला पत्रा कुठे सुरू होतो तेही दाखवलं. आणि मग म्हणाला, "बसवेन." काम झालं. फोटो माझ्याकडे फाइलमध्ये आहेत.

मंडळी, तुमच्याकडे जुनी गाडी असेल, मग ती स्पोर्ट्‌स कार असो की साधी, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. पहिलं काम छोटं द्या. ऑइल बदलणं, ब्रेक पॅड, एवढंच. बदललेला जुना भाग मागून घ्या. खरा कारागीर त्यावर चिडत नाही. जॅक कुठे लावणार, हे विचारा. ही गाडी ओळखणारा माणूस सिलच्या कडेवर भलतीकडे जॅक लावणार नाही. खर्चाचा आकडा लेखी घ्या. 'एस्टिमेट' म्हणजे अंदाज, 'कोटेशन' म्हणजे ठरलेला भाव, हा फरक इथे महत्त्वाचा आहे.

काही कौन्सिलच्या स्वतःच्या एमओटी तपासणी केंद्रांत सामान्य माणसालाही गाडी नेता येते. तिथे लोकांच्या गाड्यांची दुरुस्ती करत नाहीत, त्यामुळे नापास करून काम मिळवण्याचा प्रश्नच येत नाही. जुनी गाडी घेणार असाल तर नंबर टाकून सरकारी वेबसाइटवर तिचा एमओटीचा इतिहास फुकट बघा. मैल किती, कधी नापास झाली, सिलबद्दल आधी इशारा दिला होता का, सगळं दिसतं. काम वाईट झालंच, तर २०१५ चा ग्राहक हक्क कायदा तुमच्या बाजूनं आहे. काम योग्य काळजीनं आणि कौशल्यानं करणं हे गॅरेजवर बंधनकारक आहे. आणि पानगळ झाली की त्या नळ्यांत अर्धा लिटर पाणी हळूहळू ओतून बघा. मागच्या चाकापुढे खाली धार आली तर ठीक, नाही आली तर नळी साफ करा. याला पैसे लागत नाहीत.

माझा मिस्त्री आता आठवड्यातून तीनच दिवस शेड उघडतो. हाताखाली एक मुलगी काम शिकतेय. गेल्या महिन्यात ब्रेकचं काम तिनं केलं, तो नुसता उभा राहून बघत होता. जुना पॅड तिनं न मागता माझ्या हातात दिला. तेव्हा एकच सांगणं, असा मिस्त्री सापडला तर त्याचा पत्ता जपून ठेवू नका, चार जणांना द्या. त्याची शेड चालली, तरच आपली गाडी चालेल.