कोड एडिटरच्या प्लगइनसाठी युनिट चाचण्या : मांडणी आणि लेखन

प्लगइन नेहमीच्या प्रोग्रॅमपेक्षा एका बाबतीत वेगळे असते. ते स्वतःहून चालत नाही. एडिटर त्याला चालवतो. शिवाय ते ज्या मजकुराला हात लावते तो मजकूर तुमचा नसतो. कुणीतरी तासभर टाइप केलेली, अजून सेव्हही न केलेली फाइल तुमच्या प्लगइनच्या एका चुकीने विस्कटू शकते. या पाठात आपण व्हीएस कोडसाठी लिहिलेल्या एका छोट्या प्लगइनच्या चाचण्या कशा मांडायच्या ते पाहू. व्हीएस कोडमध्ये प्लगइनला एक्स्टेंशन म्हणतात. आपल्या प्लगइनचे काम एवढेच : निवडलेल्या ओळी मराठी वर्णानुक्रमे लावणे.

पहिली अडचण

तुम्ही उत्साहाने मोका ही चाचणी-लायब्ररी बसवता, नोडवर चाचणी चालवता आणि लगेच त्रुटी येते : 'व्हीएसकोड' नावाचे मॉड्यूल सापडत नाही. कोड लिहिताना तर एडिटर त्या मॉड्यूलमधली फंक्शने सुचवत होता आणि टाइपस्क्रिप्टचे कंपाइलेशनही विनातक्रार झाले होते. कारण असे की तुम्ही बसवलेल्या पॅकेजमध्ये फक्त टाइपची माहिती असते. खरे मॉड्यूल एडिटर चालू असतानाच मिळते, तेही एक्स्टेंशन होस्ट या वेगळ्या प्रोसेसमध्ये.

इथे बरेच जण त्या मॉड्यूलची नक्कल लिहायला बसतात : खोटा एडिटर, खोटा दस्तऐवज, खोटी निवड. माझ्या मते लहान प्लगइनसाठी ही मेहनत वाया जाते. तुमची नक्कल तुम्हाला एडिटर जसा वाटतो तशी वागते, आणि नेमका तोच समज तपासायचा असतो. त्यापेक्षा कोडचीच विभागणी करा. एका फाइलमध्ये फक्त विचार ठेवा : ओळींची यादी घ्यायची, क्रम लावलेली यादी परत द्यायची. त्या फाइलमध्ये 'व्हीएसकोड' हा शब्दही येऊ नये. दुसऱ्या फाइलमध्ये एडिटरशी बोलणारा पातळ थर : निवड वाचायची, पहिल्या फाइलला विचारायचे, उत्तर दस्तऐवजात लिहायचे.

चाचण्यांचेही मग दोन फोल्डर होतात. 'युनिट' फोल्डरमधल्या चाचण्या साध्या नोडवर झटपट चालतात. त्या प्रत्येक सेव्हनंतर चालवायला हरकत नाही. 'इंटिग्रेशन' फोल्डरमधल्या चाचण्यांना खरा एडिटर लागतो. त्या मोजक्याच ठेवा.

युनिट चाचण्यांत काय तपासायचे

'काल, काव्य, काळ' हे तीन शब्द घ्या. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून हाच क्रम बरोबर. पण युनिकोडमध्ये ळ ला ल च्या लगेच पुढचा क्रमांक आहे आणि व त्यानंतर. त्यामुळे जावास्क्रिप्टची साधी क्रमवारी 'काल, काळ, काव्य' असे उत्तर देते. ही तीन शब्दांची चाचणी सगळ्यात आधी लिहा. ती नापास झालेली पाहा आणि मगच फंक्शन दुरुस्त करा. तुम्ही तमिळ किंवा बंगालीसाठी प्लगइन लिहीत असाल तर त्या भाषेतले असेच अडणारे शब्द शोधा.

आता निवडीकडे. वापरणारा माउसने तीन ओळी निवडतो तेव्हा कर्सर बहुधा चौथ्या ओळीच्या अगदी सुरुवातीला जाऊन थांबतो. मग चौथी ओळ निवडीत धरायची का? पाहणाऱ्याच्या दृष्टीने नाही; पण निवडीचा शेवट मात्र त्या ओळीवर नोंदलेला असतो. हा निर्णयही पहिल्या फाइलमध्ये आणा : सुरुवातीची ओळ, शेवटची ओळ आणि शेवटचा स्तंभ असे तीन आकडे घेणारे फंक्शन लिहा. मग त्याची चाचणी एका वाक्याची होते. व्हीएस कोडमध्ये ओळी आणि स्तंभ शून्यापासून मोजतात, हे विसरू नका.

विंडोजवरच्या फाइलीत ओळीचा शेवट दोन चिन्हांनी होतो. तुमचे फंक्शन फक्त दुसऱ्या चिन्हावर मजकूर तोडत असेल, तर पहिले चिन्ह ओळीलाच चिकटून राहते. दोन्ही प्रकारच्या मजकुरासाठी चाचणी हवी. रिकामी निवड आणि एकच ओळ यांच्याही चाचण्या लिहून टाका, त्यात फार वेळ जात नाही.

चाचणीचे नाव मोकाला साध्या मजकुराच्या रूपात द्यायचे असते, त्यामुळे ते मराठीतही चालते. 'चाचणी ३' यापेक्षा 'निवड पुढच्या ओळीच्या आरंभी संपली तर ती ओळ हलू नये' असे नाव द्या. सहा महिन्यांनी ती नापास झाली, तर काय बिघडले ते नावावरूनच कळेल.

खऱ्या एडिटरमधल्या चाचण्या

यासाठी मायक्रोसॉफ्टचे 'टेस्ट-इलेक्ट्रॉन' हे पॅकेज आहे. ते व्हीएस कोडची वेगळी प्रत उतरवून घेते आणि तिच्यात तुमच्या चाचण्या चालवते. इतर एक्स्टेंशन बंद ठेवण्याचा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्याच्याच प्लगइनमुळे तुमची चाचणी नापास होईल. लिनक्सच्या सर्व्हरवर स्क्रीन नसते. तिथे एक्सव्हीएफबी हा आभासी डिस्प्ले लागतो.

प्रत्येक चाचणीची सुरुवात मेमरीतल्या नव्या, नाव नसलेल्या दस्तऐवजाने करा. त्यात मजकूर टाका, निवड ठरवा, कमांड चालवा आणि शेवटी दस्तऐवजाचा पूर्ण मजकूर तपासा. चाचणी संपल्यावर तो दस्तऐवज बंद करा आणि बदललेली सेटिंग पूर्ववत करा. नाहीतर पहिल्या चाचणीचा कचरा पाचवीत सापडतो आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

एडिटरची जवळपास सगळी कामे असिंक्रोनस असतात. तुम्ही 'अवेट' विसरलात आणि तपासणी प्रॉमिसच्या आत राहिली, तर ती चालण्याआधीच मोका चाचणी पास म्हणून नोंदवतो. असा खोटा हिरवा रंग ओळखायचा उपाय सोपा आहे : मूळ कोड मुद्दाम बिघडवा आणि चाचणी लाल होते का ते पाहा.

अनेक कर्सरची चाचणीही इथेच हवी. समजा एक निवड तिसऱ्या ओळीपासून पाचव्या ओळीच्या मध्यापर्यंत आहे आणि दुसरी त्याच पाचव्या ओळीच्या शेवटच्या शब्दापासून सातवीपर्यंत. दोन्ही निवडी पूर्ण ओळींपर्यंत वाढवल्या की त्या पाचव्या ओळीवर एकमेकींवर चढतात, आणि असे बदल खरा एडिटर एकाच संपादनात स्वीकारत नाही, त्रुटी देतो. नकली एडिटरने मात्र ते निमूटपणे घेतले असते. म्हणून चढणाऱ्या निवडी आधीच जोडून घ्या. ते जोडणारे फंक्शन अर्थातच पहिल्या फाइलमध्ये जाते.

शेवटची चाचणी 'अनडू'ची. कमांड चालवल्यावर 'अनडू' एकदाच चालवा आणि मजकूर अक्षरशः पहिल्यासारखा झाला का ते तपासा. प्रत्येक निवडीसाठी वेगळे संपादन केले असेल तर ही चाचणी नापास होईल, कारण वापरणाऱ्याला तितक्याच वेळा मागे जावे लागते. सगळे बदल एकाच संपादनात दिले की एकदा मागे जाणे पुरते.