घरचा साबण : तेलापेक्षां तराजू महत्त्वाचा

आमच्या कित्येक वाचक-भगिनींचा आग्रह आहे कीं, घरच्या तेलाचा साबण कसा करावा, हें या मासिकांतून सविस्तर सांगावें. त्यांपैकीं कांहींची एक अटहि आहे : साबण केवळ नैसर्गिक पदार्थांचा असावा, त्यांत कॉस्टिक सोडा मुळींच नसावा. आग्रह आम्हांस मान्य आहे. अट मात्र मान्य करतां येत नाहीं. तिचें कारण प्रथम सांगतों. कारण तें समजल्यावांचून या कामास हात घालणें धोक्याचें आहे.

तेल आणि तीव्र क्षार यांच्या संयोगानेंच साबण बनतो. तेलांतील स्निग्धाम्लें ग्लिसरीनशीं बांधलेलीं असतात. क्षार हा बंध तोडतो. आम्लें क्षाराशीं जुळून साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळें होतें. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनीं १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हें रहस्य उलगडून दाखविलें. यावरून दोन गोष्टी निघतात. क्षारावांचून साबण नाहीं, ही एक. आणि प्रमाण बरोबर असेल तर तयार साबणांत मोकळा क्षार उरत नाहीं, ही दुसरी. “बिनसोड्याचा” म्हणून वितळवून वड्या पाडण्यासाठीं जे तयार ठोकळे विकत मिळतात, त्यांतहि क्षार वापरलेलाच असतो. तें काम दुसऱ्या कोणीं आधींच केलेलें असतें, एवढेंच.

ज्यांस सोडा अजिबात नको, त्यांनीं आपल्या वाडवडिलांचा मार्ग धरावा. रिठा व शिकेकाई यांत निसर्गतःच फेस करणारें द्रव्य असतें. डाळीचें पीठ अंगावरील तेलकटपणा ओढून घेतें. हीं साधनें उत्तम आहेत, पण तीं साबण नव्हेत. राखेचें म्हणाल तर तिच्या निवळींत पोटॅशचा सौम्य क्षार असतो. कळीच्या चुन्यानें तो तीव्र करतां येतो. परंतु राखेचें बळ लांकडागणिक बदलतें, आणि पोटॅशचा साबण मऊच राहतो. मोजून काम करावयाचें असेल व टणक वडी हवी असेल, तर बाजारांतील शुद्ध कॉस्टिक सोडाच घ्यावा.

आतां मुख्य मुद्दा. प्रत्येक तेलाची सोड्याची गरज निराळी असते. १०० ग्रॅम खोबरेल तेलास सुमारें १८.३ ग्रॅम सोडा लागतो. भुईमुगाच्या व करडईच्या तेलास सुमारें १३.६ ग्रॅम, एरंडेलास सुमारें १२.८ ग्रॅम. हे आंकडे एकमेकांच्या जागीं चालत नाहींत. आमचा पहिला घाणा याच चुकीनें बिघडला. खोबरेलाचें प्रमाण आम्हीं भुईमुगाच्या एक किलो तेलास लावलें. म्हणजे १३६ ग्रॅमच्या ऐवजीं १८३ ग्रॅम सोडा घातला. उरलेला ४७ ग्रॅम सोडा वड्यांत तसाच मोकळा राहिला. वड्या दिसावयास पांढऱ्याशुभ्र व कठीण होत्या. घरांत कौतुकहि झालें. पण एका दिवसाच्या धुण्यांतच घरच्या बाईमाणसांच्या बोटांची सालें निघालीं. दोष तेलाचा नव्हता, सोड्याचाहि नव्हता. आमच्या हिशेबाचा होता. तेव्हांपासून वाटीनें किंवा चमच्यानें मापण्याचें आम्हीं सोडून दिलें. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा तराजू हेंच या धंद्यांतील पहिलें हत्यार होय.

अंगास लावण्याच्या साबणाचें एक खात्रीचें प्रमाण देतों. खोबरेल ४०० ग्रॅम, भुईमुगाचें तेल ५०० ग्रॅम व एरंडेल १०० ग्रॅम. खोबरेलानें वडी कठीण होते व फेस येतो. भुईमुगाच्या तेलानें ती सौम्य राहते. एरंडेलानें फेस टिकतो. या तेलांस हिशेबानें अनुक्रमें ७३, ६८ व १३ ग्रॅम, म्हणजे एकूण १५४ ग्रॅम सोडा लागतो. त्यांतून शेंकडा ५ कमी करून १४६ ग्रॅमच घ्यावा, म्हणजे थोडें तेल शिल्लक राहून कातडीस आधार मिळतो. पाणी ३३० ग्रॅम. विहिरीचें जड पाणी टाळून पावसाचें गाळलेलें पाणी वापरावें.

भांडें स्टेनलेस स्टीलचें असावें. अॅल्युमिनियमचें भांडें सोडा खाऊन टाकतो व त्यांतून पेट घेणारा वायु निघतो. तांब्यापितळेचीं भांडींहि नकोत. हातांत रबरी मोजे व डोळ्यांस चष्मा हवा. काम उघड्यावर करावें आणि मुलांस दूर ठेवावें. नेहमीं पाण्यांत सोडा थोडा थोडा घालावा. सोड्यावर पाणी कधींहि ओतूं नये, तें उसळून अंगावर येतें. अंगावर थेंब उडाल्यास लागलीच वाहत्या पाण्याखालीं पुष्कळ वेळ धुवावें. डोळ्यांत गेल्यास पाण्याची धार चालू ठेवून विनाविलंब डॉक्टर गांठावा.

सोडा विरघळतांना पाणी कढत होतें. तें निवूं द्यावें. तेलें एकत्र करून किंचित कोमट करावीं, आणि दोन्ही हातास कोमट लागण्याइतकीं, म्हणजे ४० अंशांच्या सुमारास आलीं कीं (उष्णता भांड्यास बाहेरून हात लावूनच पाहावी), सोड्याचें पाणी बारीक धारेनें तेलांत सोडून एकसारखें ढवळावें. अर्ध्या-पाऊण तासांत मिश्रण पिठल्यासारखें दाट होऊं लागतें. डाव उचलून धार सोडली असतां तिची रेघ वर क्षणभर टिकली, म्हणजे मिश्रण साधलें असें समजावें. कडुनिंबाच्या पाल्याची पूड वगैरे घालावयाची ती या वेळीं. मग कागद अंथरलेल्या लांकडी खोक्यांत ओतून फडक्यानें झांकावें. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं मोजे घालूनच वड्या कापाव्या व हवेशीर सावलींत चार ते सहा आठवडे सुकवाव्या. ही वाट पाहणें टाळूं नये. त्या अवधींत उरलासुरला संयोग पुरा होतो व पाणी उडून वडी टिकाऊ बनते.

हळदीविषयीं एक खुलासा. हळद क्षारानें लाल होते. हळदीचें कुंकू होतें तें याच गुणानें. म्हणून साबणांत घातलेली हळद तांबूस झाली, तर साबण बिघडला असें समजूं नये. चांगला साबणहि थोडा क्षारधर्मी असतोच. मात्र वडीच्या पोटांत पांढरे खडे दिसले, किंवा तिच्यांतून पाणी पाझरूं लागलें, तर ती अंगास लावूं नये.

खर्चाची बाजूहि झांकून ठेवणें योग्य नव्हे. खाण्याचें चांगलें तेल विकत आणून साबण केला, तर बाजारच्या वडीपेक्षां तो स्वस्त पडेलच असें नाहीं. ज्यांच्या घरीं घाण्याचें तेल आहे, डब्याच्या तळाशीं खंवट तेल उरतें, किंवा बांधावर करंज आहे, त्यांचा मात्र खरा लाभ आहे. खंवट तेलाचा वास साबणांत थोडा राहतो, म्हणून तें कपड्यांच्या साबणास लावावें. करंजाच्या तेलाचेंहि तेंच. साबणाचें सांडपाणी मात्र काळ्या जमिनींत एकाच जागीं नित्य सोडूं नये. सोडियम सांचून जमीन चोपण होते.

बचत गटांच्या भगिनींनीं आणखी एक लक्षांत ठेवावें. घरापुरता साबण करणें निराळें आणि विकणें निराळें. अंगाचा साबण विक्रीसाठीं करावयाचा तर १९४० च्या औषधें व सौंदर्यप्रसाधनें कायद्याखालील २०२० च्या नियमांनुसार परवाना घ्यावा लागतो. ही अडचण आहे खरी; पण आमच्या त्या पहिल्या घाण्याच्या वड्या शेजारच्या घरीं गेल्या असत्या तर काय झालें असतें, याचा विचार केला म्हणजे ती अडचण अनाठायीं वाटत नाहीं.

तरी ज्यांस इच्छा आहे त्यांनीं प्रथम अर्धा किलो तेलाचा लहान घाणा घालून पाहावा, वर दिलेलीं सर्व वजनें बरोबर निम्मीं करावीं, आणि प्रत्येक वजन वहींत टिपून ठेवावें. वजन चोख असेल तर घरचा साबण हात राखील. अंदाजानें केलेला साबण, कितीहि नैसर्गिक पदार्थांचा असला तरी, हातच सोलील.