शरीरांतील साखरेचा माग

यवतमाळ जिल्ह्यांत खर्र्‍याचें व्यसन किती पसरलें आहे, हें सांगावयास नको. त्यापायीं तोंडाचा कर्करोग जडलेल्या रोग्यास उपचारानंतर डॉक्टर कधीं कधीं ‘पेट-स्कॅन’ करून घेण्यास सांगतात. ‘फोटो तर काढले, मग हा आणखी खर्च कशाला?’ असें घरचीं माणसें विचारतात. या प्रश्नाचें उत्तर आज पाहूं.

क्ष-किरणांच्या चित्रांत अवयवाचा आकार दिसतो, पेशींचा व्यवहार दिसत नाहीं. शस्त्रक्रिया झालेल्या गळ्यांत गांठीसारखें कांहीं आढळलें, तर तो जुना वण कीं रोगाचें नवें मूळ, हें केवळ आकारावरून ओळखणें कठीण. ऑटो वॉरबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांत दाखविलें कीं, कर्करोगाच्या पेशी साखर अधाशीपणानें खातात. हाच अधाशीपणा येथें उपयोगीं पडतो. द्राक्षशर्करेसारख्या द्रव्यास किरणोत्सर्गी फ्लोरीन जोडून तें शिरेंतून देतात. पेशी तें साखर समजून आंत ओढते, पण पचवूं शकत नाहीं. तें तेथेंच अडकतें. तासाभरानें यंत्र त्याचे किरण टिपतें. माणसावर हा प्रयोग प्रथम १९७६ सालीं अमेरिकेंत झाला. भारतांत पहिलें यंत्र २००२ सालीं मुंबईस परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्यें आलें.

या द्रव्याचें तेज ११० मिनिटांत निम्में होतें. बारा तासांत जेमतेम शंभरावा हिस्सा उरतो. तें साठवितां येत नाहीं, म्हणून रोग्यासच नागपुरासारख्या शहरीं जावें लागतें. हा प्रवास वायां जाऊं नये, यासाठीं चार ते सहा तास उपाशी राहावें, आदल्या दिवशीं कष्टाचें काम टाळावें, मधुमेह असल्यास आधींच सांगावें. रक्तांत साखर वाढलेली असली, तर पेशी हें द्रव्य कमी घेतात. राबलेले स्नायू तर तें स्वतःच ओढून घेतात.

चित्रांत चमकतें तें सर्वच कर्करोग नव्हे. क्षयाची गांठ आणि ताजी जखमहि साखर ओढते. मेंदू तर निरोगी असतांनाहि चमकतो. म्हणून चित्र पाहून धीर सोडूं नये. संशयाच्या जागेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्यावरच निश्चित निदान होतें.

रोग आरंभींच ओळखण्यास मात्र या यंत्राची वाट पाहूं नये. तोंडांतील व्रण तीन आठवड्यांत भरला नाहीं, तर यवतमाळच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत तो दाखवावा.