घाटात गाडीला धक्का कोण देतं?

शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून पुण्याला परत येताय. कर्जतला गाडी थांबते, तुम्ही वडापाव घेता आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालता. त्याच वेळी गाडीच्या शेवटाकडे कॅमेरे घेऊन धावणारी दोन-चार पोरं कधी बघितलीत? हे आपले रेलफॅन्स! त्यांना टिपायचा असतो 'बँकर'.

१८६३ मध्ये सुरू झालेल्या भोर घाटात ३७ मीटरला १ मीटर असा खडा चढ आहे. पुढच्या इंजिनाला तो एकट्याने झेपत नाही. म्हणून बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. घाट संपेपर्यंत ती गाडी ढकलत नेतात. यांनाच म्हणतात बँकर.

नुसता टाइमपास? मुळीच नाही. या मार्गावर एसी वीज आली आणि डीसीवर चालणारी जुनी इंजिनं गेली. जून २०२२ मध्ये 'डेक्कन क्वीन'चे जुने डबेही बदलले. रोज दिसतं त्याचा फोटो कोण काढतो? या वेड्यांनी काढले, म्हणून तर आज ते सगळं पुन्हा बघता येतं.

तुम्हालाही ट्राय करायचंय? मग १ जूनला सकाळी लवकर पुणे स्टेशन गाठा. १९३० मध्ये याच तारखेला सुरू झालेल्या 'क्वीन'चा वाढदिवस प्रवासी केक कापून साजरा करतात. प्लॅटफॉर्म तिकीट मात्र काढा आणि फोटोसाठी रुळांवर उतरू नका. तो गुन्हा आहे, शिवाय जिवाशी खेळ.

आणि हो, पुढच्या शुक्रवारी कर्जतला मोबाइल जरूर काढा. पण फोटोसाठी!