पोकळीचे सामर्थ्य

धान्याच्या पेठेत 'भरीव दाणा' हीच प्रशंसा. पोकळ म्हटले की भाव उतरला. तथापि पोकळ असल्यामुळेच उपयोगी पडणाऱ्या पदार्थांची एक मोठी जात आहे. तिच्याकडे सभासदबंधूंचे लक्ष वेधावे, अशी आमची इच्छा आहे.

चुरमुऱ्याचेच पाहा. उकडा तांदूळ तापलेल्या वाळूत पडला की आतील ओलाव्याची वाफ होते, दाणा फुगतो आणि त्यात असंख्य सूक्ष्म कप्पे तयार होतात. थर्माकोलही जवळजवळ याच रीतीने होतो. प्लास्टिकचे मणी वाफेने फुगवितात. त्यात सुमारे ९८ टक्के हवाच असते. ही हवा कप्प्यांत कोंडलेली असल्याने उष्णता सहजी पलीकडे जात नाही. बर्फाच्या पेट्यांना तो लावतात, तो यासाठीच.

१६६५ साली रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अशा कप्प्यांना 'सेल' हे नाव दिले. त्यांना मधमाशांच्या पोळ्याची आठवण झाली. (मध आपणांस वर्ज्य, पोळ्याच्या रचनेचे कौतुक करण्यास प्रत्यवाय नसावा.)

आमच्या जोयडा तालुक्याच्या रानांतील बांबू याच जातीचा. मध्ये पोकळ, आणि बळकट तंतू बाहेरच्या सालीकडे दाट. वाकताना सर्वाधिक ताण बाहेरच पडतो. निसर्गाने माल तेथेच खर्चिला. दुसऱ्या महायुद्धातील मॉस्किटो विमानाची काया लाकडाच्या दोन पातळ थरांमध्ये हलके बाल्सा घालून केली होती, ती याच हिशेबाने.

मात्र हलकेपणाची किंमत मोजावी लागते. अशा फेसाळ पदार्थाची घनता निम्मी केली की ताठपणा निम्मा न राहता सुमारे चौथाईवर येतो. स्वस्त वेष्टनात काचसामान का फुटते, याचा उलगडा येथे होईल.

पण खरे सांगावयाचे ते शिरस्त्राणाविषयी. आमच्याकडील रस्ते घाटवळणांचे, आणि घरोघरची तरुण मंडळी दुचाकीवर. शिरस्त्राणाच्या आत थर्माकोलचाच दाट थर असतो. आघात होताच त्यातील कप्पे चिरडत जातात, आघाताची शक्ती त्यांतच खर्ची पडते आणि डोक्यावरील जोर मर्यादित राहतो. चिरडलेला कप्पा पुन्हा फुगत नाही. बाहेरचे कवच चकचकीत दिसले तरी आतील थर निकामी झालेला असतो. असे एकदा आदळलेले शिरस्त्राण 'अजून चांगले आहे' म्हणून धाकट्या भावास देणारी घरे आम्ही पाहतो. ते मोडीत काढावे. नवे घेताना आय. एस. ४१५१ हा क्रमांक व मानक चिन्ह पाहावे, आणि ते डोक्यावर घट्ट बसते की नाही हे दुकानातच पारखावे.